फॉस्फो-अँटिबॉडीचं काम उभं करताना: ए४३१ सेल्स, पी-ईआरके, पी-एकेटी, जून ते ऑगस्टच्या नोंदी

पुण्यातल्या एका कॉलेजच्या छोट्या लॅबमध्ये सेल सिग्नलिंगचं काम नव्याने सुरू केलं तेव्हा ठेवलेल्या या नोंदी. साधा वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन्स जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर घेऊन अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) येतो, जीएपीडीएच या नेहमीच्या प्रोटीनचा बँड झकास दिसतो, पण फॉस्फो-अँटिबॉडी (फॉस्फेट लागलेलंच प्रोटीन ओळखणारी) हातात घेतली की सगळं बिनसतं, अशा ठिकाणी जे अडकलेत त्यांच्यासाठी लिहितेय. थिअरी पुस्तकात मिळेल, इथे काय चाललं नाही, का चाललं नाही आणि पैसा-वेळ कुठे गेला एवढंच.

काम असं आहे की केमिस्ट्रीवाल्यांनी बनवलेलं एक कंपाउंड ईजीएफचा (सेलला वाढायला सांगणाऱ्या प्रोटीनचा) सिग्नल अडवतं का ते बघायचंय. त्याआधी नुसतं ईजीएफ दिल्यावर ईआरके आणि एकेटी ही सेलमध्ये सिग्नल पुढे नेणारी प्रोटीन्स फॉस्फोरिलेट होताना (म्हणजे त्यांच्यावर फॉस्फेट बसताना, मग त्यांना पी-ईआरके, पी-एकेटी म्हणायचं) आमच्या लॅबमध्ये दर वेळी सारखं दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत कंपाउंडची बाटली उघडायचीच नाही असं मॅडमनी पहिल्या मीटिंगलाच सांगून टाकलं, आणि ते फार बरं झालं.

२ जून, सोमवार

सेल्स एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) रिपॉझिटरीतून आणल्या, गणेशखिंडला युनिव्हर्सिटीच्या आवारातच आहे त्यामुळे फ्लास्क रिक्षातून मांडीवर धरून आणता येतो, पुण्यात असण्याचा हा मोठा फायदा आहे. ए४३१ (माणसाच्या त्वचेच्या कॅन्सरच्या सेल्स) घेतल्या कारण या सेल्सवर ईजीएफ रिसेप्टर खच्चून भरलेले असतात, एका सेलवर दहा लाखांच्या वर. म्हणजे सिग्नल नाही आला तर सेल्सना रिसेप्टरच नसेल ही शंका आधीच निकालात निघते. आल्या आल्या थोड्या वाढवून व्हायल्स फ्रीज केल्या आणि मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून वाढणारे बॅक्टेरिया) टेस्ट लावली.

अँटिबॉडीची ऑर्डर एप्रिलमध्येच गेली होती. पी-ईआरके म्हणजे थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ (प्रोटीनवर फॉस्फेट बसतो त्या जागा) दोन्ही ओळखणारी, पी-एकेटी सेरीन ४७३, पी-ईजीएफआर (ईजीएफ रिसेप्टर) टायरोसिन १०६८, शिवाय टोटल ईआरके आणि टोटल एकेटी, म्हणजे फॉस्फेट असो-नसो सगळं प्रोटीन ओळखणाऱ्या. फॉस्फो सगळ्या रॅबिटमधल्या (सशात तयार केलेल्या) आणि टोटल माऊसमधल्या मागवल्या, त्याचं कारण पुढे येईल पण ऑर्डर देतानाच हे ठरवा, नंतर बदलणं महागात जातं. २० मायक्रोलिटरचा छोटा पॅक जीएसटी धरून प्रत्येकी वीस हजारांच्या आसपास पडला. १:१००० ने ५ मिली करायचं म्हटलं तर एका पॅकमध्ये चार ब्लॉट होतात, म्हणजे नुसत्या अँटिबॉडीचे एका ब्लॉटला पाच हजार. हा हिशोब फळ्यावर लिहून ठेवलाय.

२३ जून, सोमवार

अँटिबॉडी आज आल्या. शुक्रवारी पालख्या पुण्यात आल्या, रविवारी पुढे निघाल्या, मधले दिवस अर्ध्या शहराचे रस्ते बंद, त्यामुळे पार्सल गोडाऊनला पडून राहिलं आणि आइस पॅक पूर्ण वितळलेला मिळाला. डबा उघडला तेव्हा हाताला गार सुद्धा लागत नव्हता. या अँटिबॉडी ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतात, थोडे दिवस बाहेर राहिल्या म्हणून लगेच मरत नाहीत, पण मनात पाल चुकचुकतेच. व्हायल्सवर तारीख लिहून उणे २० ला ठेवल्या. ग्लिसरॉलमुळे त्या उणे २० ला गोठत नाहीत, म्हणून अ‍ॅलिकॉट (छोटे छोटे भाग) करत बसायची गरज नाही, उलट छोट्या ट्यूबांमध्ये भिंतीला चिकटून वाया जातं.

२७ जून, शुक्रवार

पहिला ब्लॉट. सेल्स रात्रभर सीरमशिवाय, म्हणजे उपाशी (स्टार्व्हेशन) ठेवल्या, सकाळी ईजीएफ १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, वेळा ०, ५, १० आणि ३० मिनिटं. लॅबमधल्या नेहमीच्या रिपा बफरमध्ये लाइज केलं (सेल्स फोडल्या), २५ मायक्रोग्रॅम प्रोटीन लोड केलं.

रिझल्ट: पी-ईआरके चारही लेनमध्ये सारखाच, शून्य मिनिटालाही तेवढाच ठसठशीत. पी-एकेटी कोरा. पी-ईजीएफआर नुसता धूर.

लॅबमध्ये सगळ्यांचं एकच मत पडलं की पार्सल तापलं, अँटिबॉडी गेली, नवी मागवा. मॅडम म्हणाल्या थांबा, आधी दुसऱ्याच्या लायसेटवर (फोडलेल्या सेल्सच्या द्रावणावर) लावून बघा. पाषाणला एका मैत्रिणीकडे ईजीएफ दिलेल्या सेल्सचं सॅम्पल बफरमध्ये उकळलेलं लायसेट होतं, ते मागून आणलं आणि आमच्याच अँटिबॉडीने पी-एकेटी ६० केडीएला (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) एकदम स्वच्छ आला.

म्हणजे अँटिबॉडी ठणठणीत होती, गडबड आमच्या लायसेटमध्ये होती. नवीन पॅक मागवण्याआधी हे एवढं करा, कोणाकडून तरी पाच-दहा मायक्रोलिटर खात्रीचं पॉझिटिव्ह लायसेट आणा. वीस हजार आणि दोन महिने वाचतात, आणि मुख्य म्हणजे शोध कुठल्या दिशेने घ्यायचा ते कळतं.

३० जून, सोमवार

लायसेटच्या मागे लागले. सेल फुटली की आतल्या फॉस्फेटेज मोकळ्या सुटतात आणि आपण जो फॉस्फेट बघायला निघालो तोच काढून टाकतात, म्हणून बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट टायरोसिनवाल्यांसाठी आणि सोडियम फ्लोराइड व बीटा-ग्लिसरोफॉस्फेट सेरीन-थ्रिओनिनवाल्यांसाठी. आमच्या रिपामध्ये ही सगळी नावं लिहिलेली होती. पण व्हॅनाडेटची बाटली फ्रीजमधून काढली तर आतलं पाणी पिवळं. ज्युनिअर म्हणाली, “ताई, हे असंच असतं का?” तर नाही, असं नसतं. पिवळं म्हणजे व्हॅनाडेटचे रेणू एकमेकांना चिकटून डेकाव्हॅनाडेट झालंय, ते या कामाचं नाही. फॉस्फेटेज अडवायला सुटा सुटा रेणू लागतो.

दुपार त्यातच गेली पण शिकण्यासारखी होती म्हणून सविस्तर लिहिते. २०० मिलिमोलर स्टॉक केला आणि पीएच १० ला आणायला लागले. थेंबभर अ‍ॅसिड पडलं की हळदीच्या पाण्यासारखा रंग चढतो. मग फ्लास्क हीटिंग प्लेटवर उकळायला ठेवायचा आणि बघत राहायचं, रंग फिका होत होत पूर्ण जातो, पाण्यासारखं दिसतं. गार करायचं, परत पीएच बघायचा, तो सरकलेला असतो, परत १० ला आणायचा, परत पिवळं होतं, परत उकळायचं. असं करत करत एक वेळ येते की गार झाल्यावर पीएच १० लाच राहतो आणि रंगही येत नाही. तेव्हाच थांबायचं. पांढऱ्या कागदासमोर धरून बघा, ट्यूबलाइटखाली फिका पिवळा कळत नाही. छोटे अ‍ॅलिकॉट उणे २० ला, वापरताना परत पिवळं दिसलं तर टाकून द्यायचं.

अजून एक, व्हॅनाडेट घातलेल्या बफरमध्ये ईडीटीए (धातू पकडणारं) आणि डीटीटी (रिड्यूसिंग एजंट) भरपूर असतील तर ते त्याला निकामी करतात. आमच्या रिपामध्ये ईडीटीए ५ मिलिमोलर होता, तो काढला.

नव्या बफरने आज संध्याकाळी पी-ईजीएफआर १७५ केडीएला पहिल्यांदा नीट दिसला. पी-एकेटी अजून फिका. पी-ईआरकेचं शून्य मिनिट तसंच काळंकुट्ट.

४ जुलै, शुक्रवार

शून्य मिनिटाचं कोडं सुटलं असं वाटतंय. आधी वाटलं स्टार्व्हेशन कमी पडतंय, म्हणून वेळ वाढवून बघितला, फरक शून्य, वर सेल्स सुटायला लागल्या. ए४३१ स्वतःच थोडा टीजीएफ-अल्फा (याच रिसेप्टरला पेटवणारं प्रोटीन) बाहेर टाकतात, त्यामुळे बेसलाइन अगदी स्वच्छ मिळणार नाही हे मान्य, पण ५ मिनिटांइतकीच? ते काही पटेना.

मग ज्युनिअरला शेजारी उभं करून आम्ही नेमकं काय करतो ते पायरीपायरीने लिहायला लावलं. सहा वेल (खळगे) असलेली प्लेट इन्क्युबेटरमधून हूडमध्ये आणायची, जुनं मीडियम काढायचं, ईजीएफवालं नवं मीडियम घालायचं, शून्यवाल्या वेलला नुसतं नवं मीडियम. प्लेट आत, ५ मिनिटांनी बाहेर, एक वेल लाइज, प्लेट परत आत. कागदावर उतरल्यावर लख्ख दिसलं. मीडियम बदलणं हाच सेल्सना एक धक्का असतो, तेवढ्याने ईआरके काही मिनिटं पेटतो. थंडी, हलवाहलव, पिपेटची जोराची धार, सगळ्याने पेटतो. आम्ही ईजीएफ मोजत नव्हतो, प्लेटची ये-जा मोजत होतो.

आता असं करतो की एका वेळेसाठी एक वेगळी ३५ मिमीची डिश. स्टार्व्हेशनचं मीडियम बदलायचंच नाही, त्यातच ३७ डिग्रीला गरम केलेलं १०० पट ईजीएफ हळूच कडेने सोडायचं आणि डिश अलगद फिरवायची. शून्यवाल्या डिशला तेवढंच ईजीएफशिवायचं मिश्रण. आणि वेळ उलटी लावायची, म्हणजे ३० मिनिटवालीला आधी, मग १० ला, मग ५ ला, म्हणजे सगळ्या डिश एकाच वेळी बाहेर येतात आणि एकाच वेळी लाइज होतात.

आजच्या ब्लॉटमध्ये शून्य मिनिट फिकं, ५ मिनिटांना उसळी, १० ला तेवढंच, ३० ला उतरायला लागलेलं. ४४ आणि ४२ केडीएचे दोन वेगवेगळे बँड सुद्धा सुटे दिसले. फोटो मॅडमना दाखवला, त्या बराच वेळ बघत होत्या.

डिश वाढल्यामुळे प्लास्टिकचा खर्च वाढला, त्याला इलाज नाही.

८ जुलै, मंगळवार

पी-एकेटी अजून एका दिवशी येतो, दुसऱ्या दिवशी येत नाही. लाइज करायला कोण बसलंय त्यावर अवलंबून आहे असं लक्षात आलं. ज्युनिअरचा हात भरभर चालतो, तिचे चांगले येतात. मी बर्फावर स्क्रॅप करत, ट्यूबमध्ये घेत, व्होर्टेक्स करत नीटनेटकं करायला जाते आणि तेवढ्यात सिग्नल उतरतो. इन्हिबिटर घातले तरी ते शंभर टक्के नसतात.

म्हणून बर्फ आणि रिपा बाजूला ठेवून १ टक्का एसडीएसचा (तीव्र डिटर्जंटचा) बफर ९५ डिग्रीला गरम करून थेट डिशवर ओतायला सुरुवात केली. मीडियम ओढून टाका, गार पीबीएसने (मिठाच्या बफरने) एकदाच धुवा, तो पूर्ण काढा, गरम बफर घाला, खरवडा, ट्यूबमध्ये घेऊन लगेच ९५ डिग्रीला ५ मिनिटं. फॉस्फेटेजला काम करायला सवडच मिळत नाही. डिश इन्क्युबेटरमधून निघाल्यापासून गरम बफर पडेपर्यंत एक मिनिटाच्या आत.

यात तीन कटकटी आहेत. एक, डीएनएमुळे लायसेट चिकट लांबट तारा ओढतं, पिपेटमध्ये येतच नाही. सोनिकेटर नसेल तर २६ नंबरच्या सुईतून वरखाली करा, फेस होऊ देऊ नका. दोन, प्रोटीन मोजायला ब्रॅडफर्ड चालत नाही, एसडीएस त्याला बिघडवतं, बीसीए चालतं, पण मग बफरमध्ये डीटीटी आणि निळा रंग आधी घालायचा नाही, मोजून झाल्यावर घालायचा. तीन, सवयीने ट्यूब बर्फावर ठेवली की एसडीएसचे पांढरे स्फटिक होतात, या ट्यूब रूम टेंपरेचरलाच ठेवा.

पी-एकेटी आता माझ्या हातूनही येतोय.

१० जुलै, गुरुवार

गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते हे पुण्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं, तरी काल रात्री प्रायमरीत (प्रोटीन ओळखणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीत) मेम्ब्रेन रॉकरवर लावून गेलो होतो. सकाळी लाइट लवकर गेली, रॉकर तिरका थांबला, अँटिबॉडी एका कोपऱ्यात जमली आणि मेम्ब्रेनचा उरलेला भाग उघडा पडून वाळला. अँटिबॉडीत असताना पीव्हीडीएफ मेम्ब्रेन वाळली की तो भाग परत काही केल्या नीट होत नाही, ब्लॉटवर काळे ढग येतात. एक संपूर्ण टाइम कोर्स गेला, लायसेट उरलं होतं म्हणून निभावलं.

बुधवारी रात्री ओव्हरनाइट लावायचं बंद. शिवाय ट्रे सोडून मेम्ब्रेन ५० मिलीच्या ट्यूबमध्ये, प्रोटीनची बाजू आत करून, रोलरवर ठेवायला लागलो. ट्यूब आडवी असते, रोलर थांबला तरी तळाचा भाग ओला राहतो आणि ३ मिलीत काम होतं, म्हणजे अँटिबॉडीही कमी लागते.

१५ जुलै, मंगळवार

ब्लॉकिंग, म्हणजे मेम्ब्रेनची रिकामी जागा आधीच प्रोटीनने झाकणं. आत्तापर्यंत दुकानातल्या दूध पावडरने करत होतो, जीएपीडीएचला वर्षानुवर्षं तेच चालतंय. पण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, त्यामुळे फॉस्फो-अँटिबॉडीला मेम्ब्रेनभर नको तिथे चिकटायला जागा मिळू शकते. नुसतं कोणी सांगितलं म्हणून बदल करायचा नव्हता, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) महाग आहे, ५० ग्रॅमला आम्हाला सात हजारांच्या वर पडलं. म्हणून एकाच जेलचे दोन अर्धे केले, एक दुधात एक बीएसएत, बाकी सगळं तेच.

पी-ईआरकेला फारसा फरक नाही, सिग्नल इतका तगडा आहे की दोन्हीकडे येतो. पी-एकेटी मात्र दुधात जेमतेम आणि मागे करडा पडदा, बीएसएत स्पष्ट. पी-ईजीएफआर पण बीएसएत बरा. त्यामुळे सगळ्या फॉस्फोंना ५ टक्के बीएसए टीबीएसटीमध्ये (ब्लॉट धुण्याच्या बफरमध्ये). छोट्या मेम्ब्रेनला २० मिली म्हणजे १ ग्रॅम, परवडतं.

बीएसए घाईत ढवळून व्होर्टेक्स केलं तर फेस होतो, गुठळ्या राहतात आणि त्या गुठळ्या ब्लॉटवर काळे ठिपके बनून येतात. पावडर वरून पसरून अर्धा तास तशीच सोडा, आपोआप विरघळते, मग व्हॉटमन पेपरमधून गाळून घ्या. ठिपके गेले.

वापरलेली प्रायमरी ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून ४ डिग्रीला ठेवतो. आमच्याकडे पी-ईआरके अशी परत परत चालते, पी-एकेटी दुसऱ्याच वापराला मलूल होते, तिला दर वेळी ताजी. अझाइड विषारी आहे, ग्लोव्ह्ज घालूनच, आणि सेकंडरीत (प्रायमरीला चिकटणाऱ्या, एचआरपी एन्झाइम जोडलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीत) चुकूनही जाऊ देऊ नका कारण ते एचआरपी एन्झाइमला मारतं, मग ईसीएल (एचआरपीमुळे चमकणारं द्रावण) घालून कितीही वेळ बसलं तरी अंधारच.

२२ जुलै, मंगळवार

लोडिंग कंट्रोलवर (प्रत्येक लेनमध्ये सारखाच माल पडलाय हे दाखवणाऱ्या प्रोटीनवर) दोन आठवडे वाद चाललाय. सगळ्यांच्या सवयीचं बीटा-अ‍ॅक्टिन ४२ केडीए, आणि ईआरके-२ पण ४२ केडीए. बरोब्बर एकावर एक. ट्यूब्युलिन ५५ ला, एकेटी ६० ला, तेही खेटून. आम्ही व्हिन्क्युलिन घेतलं, ते सव्वाशेच्या जरा खाली वर राहतं, कोणाच्या वाटेत येत नाही. पी-ईजीएफआर ज्या दिवशी करायचा त्या दिवशी वेगळं जेल.

मेम्ब्रेन मार्कर बघून ९० ला आणि ५० ला आडवी कापतो, वरच्या पट्टीत व्हिन्क्युलिन, मधल्या पट्टीत एकेटी, खालच्या पट्टीत ईआरके. कापायच्या आधी कोपरा तिरका छाटून खूण करा, नाहीतर तीन पट्ट्या ट्यूबमधून बाहेर आल्यावर डावीकडची लेन कुठली ते ओळखता येत नाही.

आता रॅबिट-माऊसचं कारण. फॉस्फो झाल्यावर त्याच पट्टीवर टोटल बघायचं असतं, त्यासाठी स्ट्रिपिंग (लावलेली अँटिबॉडी धुऊन काढणं) करून बघितलं, २ टक्के एसडीएस आणि मर्कॅप्टोइथेनॉल, ५० डिग्रीला अर्धा तास. वासाने मजला रिकामा झाला तो भाग सोडा, पण स्ट्रिप करताना अँटिबॉडीबरोबर थोडं प्रोटीनही निघून जातं, आणि प्रत्येक लेनमधून सारखंच निघतं याची खात्री काय? मग फॉस्फो भागिले टोटल या आकड्याला अर्थ राहत नाही. फॉस्फो रॅबिट, टोटल माऊस असेल तर स्ट्रिप न करता आधीचं एचआरपी अझाइडने शांत करून, धुऊन, थेट माऊसवालं लावता येतं. अझाइड नीट धुतलं गेलंय ना हे बघा, नाहीतर दुसरं एचआरपी पण मरेल. आणि ज्या ब्लॉटवर शेवटचा आकडा काढायचा तिथे आम्ही सरळ दोन जेल जोडीने चालवतो, एक फॉस्फोला, एक टोटलला.

२९ जुलै, मंगळवार

आत्तापर्यंत बँड दिसायला लागले म्हणून सगळे खुश होते. पण ४२-४४ ला काहीतरी दिसतंय यावरून ते फॉस्फो-ईआरकेच आहे हे सिद्ध होत नाही. तो बँड जिथे जायला हवा तिथे जातो का ते दाखवलं पाहिजे. माझ्या मते या सगळ्या कामातला हाच गाभा आहे आणि घाईत हाच टाळला जातो.

पहिलं, इन्हिबिटर. यू०१२६ हे एमईकेला (ईआरकेवर फॉस्फेट बसवणाऱ्या एन्झाइमला) अडवतं, १० मायक्रोमोलर, ईजीएफच्या एक तास आधी. पी-ईआरके गायब, पी-एकेटी जागेवर. एलवाय२९४००२ हे पीआय३ कायनेजला (एकेटीच्या रस्त्यावरच्या वरच्या एन्झाइमला) अडवतं, त्यात पी-एकेटी गायब, पी-ईआरके बऱ्यापैकी जागेवर. दोन रस्ते वेगवेगळे दिसले, छान. वॉर्टमॅनिन पण कपाटात होतं पण ते मीडियममध्ये फार टिकत नाही म्हणून वापरलं नाही. डीएमएसओवाली (नुसतं सॉल्व्हंट घातलेली) डिश प्रत्येक सेटमध्ये हवीच.

दुसरं, लॅम्डा फॉस्फेटेज. लायसेटवर हे एन्झाइम चालवून फॉस्फेट काढून टाकायचे, खरा फॉस्फो बँड गेला पाहिजे. पण आमचं लायसेट एसडीएसचं, त्यात एन्झाइम जगणार नाही. म्हणून एक डिश वेगळी ट्रायटनच्या (सौम्य डिटर्जंटच्या) बफरमध्ये लाइज केली, फॉस्फेटेज इन्हिबिटर न घालता, ईडीटीए न घालता, प्रोटीएज इन्हिबिटर तेवढे घालून. एन्झाइमला मँगनीज लागतं, १ मिलिमोलर, आणि ३० डिग्रीला ३० मिनिटं.

पहिल्या प्रयत्नात दोनच लेन होत्या, एन्झाइमसह आणि एन्झाइमशिवाय. एन्झाइमवाली कोरी आली, पण बिनएन्झाइमवालीही अर्ध्याहून जास्त उतरली. आधी वाटलं लेन मिसळल्या. मग ट्यूब पेटली की बिनएन्झाइमवालीत आमचे इन्हिबिटर नव्हते, ३० डिग्रीला अर्धा तास ठेवल्यावर सेलच्या स्वतःच्या फॉस्फेटेजनीच काम उरकलं. परत केलं चार लेनमध्ये: बर्फावर ठेवलेलं, ३० डिग्रीला इन्हिबिटरसह, ३० डिग्रीला इन्हिबिटरशिवाय, आणि लॅम्डा. पहिल्या दोन सारख्या, तिसरी फिकी, चौथी कोरी, आणि टोटल ईआरके चारही लेनमध्ये एकसारखं. ही पट्टी छापून मी बेंचसमोर चिकटवलीय. इन्हिबिटर का घालायचे हे आता ज्युनिअरला तोंडाने सांगावं लागत नाही.

याच ब्लॉटवर एकेटीच्या पट्टीत ५० च्या थोडं वर एक जाड बँड होता जो लॅम्डानेही गेला नाही. नुसती सेकंडरी लावून एक पट्टी केली, त्यातही तो होता. म्हणजे प्रायमरीचा त्याच्याशी संबंध नाही, सेकंडरीचाच आहे. सेकंडरी १:२००० वरून १:१०००० केली, तो बँड जवळजवळ गेला आणि पी-एकेटी राहिला. जून महिन्यातल्या एका ब्लॉटवर आम्ही त्यालाच एकेटी समजून खूण केली होती, ती खोडली.

६ ऑगस्ट, बुधवार

इमेजर (ब्लॉटच्या प्रकाशाचा फोटो घेणारं यंत्र) आमच्याकडे नाही, दुसऱ्या इन्स्टिट्यूटला स्लॉट घेऊन जावं लागतं. मेम्ब्रेन टीबीएसटीमध्ये डब्यात, डबा पिशवीत, पिशवी रेनकोटच्या आत, गाडीवर. ईसीएल तिथे गेल्यावरच घालायचं, दिवा मिनिटागणिक उतरत जातो.

आज आकडे काढायला बसले तर ५ आणि १० मिनिटांचा पी-ईआरके तंतोतंत सारखा. संशय आला म्हणून कच्ची फाइल बघितली, दोन्ही बँड सॅच्युरेट झालेले, इमेजरच्या वरच्या टोकाला टेकलेले. काळ्यापेक्षा काळं होत नाही. सेकंदाच्या आतल्या एक्स्पोजरपासून वाढवत वाढवत चित्रं घेतली, सॅच्युरेशन नसलेली निवडली, तेव्हा १० मिनिटांचा ५ पेक्षा कमी निघाला. डोळ्यांना सुंदर दिसणारा ब्लॉट मोजायला बहुतेक वेळा निकामी असतो. लोडिंगही २५ वरून १० मायक्रोग्रॅमवर आणलं पी-ईआरकेसाठी, आणि एकाच लायसेटचं ५, १०, २० असं लोड करून सिग्नल दुप्पट-दुप्पट होतो का ते तपासलं. २० ला वाकायला लागतो. पी-एकेटीला २५ च ठेवलंय. मोजणी इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये, पार्श्वभूमी प्रत्येक लेनची वेगळी वजा करून.

१३ ऑगस्ट, बुधवार

कंपाउंडची बाटली उघडली.

एक तास आधी कंपाउंड, मग ईजीएफ ५ मिनिटं. सोबत डीएमएसओ, यू०१२६, एलवाय२९४००२ आणि ईजीएफशिवायची डिश. ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या सेल्स रंगवणाऱ्या रंगाने) बघितलं, एका तासात सेल्स मरत नाहीत, हे बघितल्याशिवाय सिग्नल कमी झाला असं म्हणू नये, मेलेल्या सेल्सचाही सिग्नल कमीच असतो.

पी-ईआरके १० मायक्रोमोलरला चांगलाच खाली, डोस वाढवत गेलं की उतरत जातो. टोटल ईआरके तसंच. पी-एकेटी तसाच. पी-ईजीएफआर १०६८ सुद्धा तसाच, म्हणजे रिसेप्टर पेटतोय, अडथळा त्याच्या खाली आणि फक्त ईआरकेच्या रस्त्यावर. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (कल्चरमधल्या वेगळ्या पिढीच्या) सेल्सवर, एकदा ज्युनिअरने एकटीने केलं, तरी तसंच. मला मनापासून आनंद झालाय. जूनमधल्या पद्धतीने हे केलं असतं तर शून्य मिनिटालाच ईआरके पेटलेला, त्यात हा फरक बुडून गेला असता आणि कंपाउंड कामाचं नाही म्हणून परत पाठवलं असतं.

२० ऑगस्ट, बुधवार

ग्रुप मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, ईआरकेवरचा फॉस्फेट बसतच नाहीये की बसलेला काढला जातोय? बरोबर प्रश्न आहे. पी-ईआरके कमी दिसणं दोन्हीमुळे होऊ शकतं, कंपाउंड वरचा रस्ता अडवत असेल किंवा ईआरकेवरची फॉस्फेटेज वाढवत असेल. पी-एमईके बघितल्यावर थोडं पुढे जाता येईल. तो पण खाली असेल तर अडथळा एमईकेच्या वर. तो जागेवर असेल तर एमईकेचं काम अडतंय किंवा फॉस्फेटेज.

पी-एमईके सेरीन २१७/२२१ ची ऑर्डर आज गेली. ती रॅबिटमधलीच मिळतेय आणि एमईके ४५ केडीएला, म्हणजे पी-ईआरकेच्या डोक्यावरच, त्यामुळे एका पट्टीवर दोन्ही करायचं नाही, स्वतंत्र जेल, १० टक्क्यांचं, नेहमीपेक्षा जास्त वेळ पळवून. डीलरला सांगितलंय की पार्सल गणपतीच्या दहा दिवसांत इथे पोचणार असेल तर मुंबईलाच फ्रीजमध्ये ठेवा, विसर्जनानंतर पाठवा. तोवर १३ तारखेची सगळी लायसेट्स छोट्या छोट्या भागात उणे ८० ला आहेत, एका ब्लॉटला पुरेल एवढा एक भाग, वितळवलेला परत गोठवायचा नाही असं झाकणावर ज्युनिअरने लिहून ठेवलंय.